धडक झाली नाही, म्हणजे काही झालंच नाही का?

गजबजलेल्या बंदरात रोज घडणारे धोक्याचे प्रसंग बहुतेक वेळा ते घडवणाऱ्याला कळतच नाहीत. मोटरबोट २० नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटरने निघून जाते. तिने उठवलेल्या लाटा धक्क्याला लागायला वीस-तीस सेकंद जातात, तेवढ्यात ती दोन-तीनशे मीटर पुढे गेलेली असते. मागे धक्क्यावरून होडीत पाय टाकणाऱ्याचा तोल जातो, ताणलेल्या दोराला हिसका बसतो, होडी आणि धक्का यांच्या फटीतून कुणी हात वेळेत काढून घेतो. ज्याने हे घडवलं, त्याच्या लेखी तो दिवस सुरळीत गेला. उद्या तो त्याच वेगाने तिथूनच जाणार आहे, आणि त्यात त्याचा दुष्टावा नसेल. त्याला ठाऊकच नाही.

बेपर्वा बोटचालकांबद्दल बोलताना आपण दंड, फलक आणि वेगमर्यादा यांच्यापलीकडे फारसे जात नाही. ते हवंच. पण थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंद होऊन ती पुन्हा बंदरातल्या सगळ्यांपर्यंत पोचत नाही, तोवर या उपायांना काय रोखायचं आहे हेच माहीत नसतं. नियम मग कुणाचा तरी जीव गेल्यावर बदलतात.

आधी लाटांबद्दल, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहेत. संथ चालणारी बोट पाणी बाजूला सारत जाते. पाण्यात बुडालेल्या तिच्या लांबीवरून या संथ चालीची मर्यादा ठरते. लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. उत्तर नॉटमध्ये मिळतं. २५ फुटांसाठी ते ६.७ नॉट येतं. या मर्यादेच्या वर थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवण्याचा दांडा) ढकलला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलली जाते, पिछाडी खाली बसते आणि बोट स्वतःच केलेल्या लाटेच्या चढावर अडकते. अशा बोटीसाठी साधारण ८ ते १२ नॉटच्या पट्ट्यात मागे सगळ्यांत उंच लाटा उठतात. आणखी वेग घेतला की बोट पाण्यावर चढून सरकू लागते आणि लाटा उलट लहान होतात.

आता बंदराच्या तोंडाशी नेहमी काय होतं ते पाहा. २२ नॉटने आलेला चालक थ्रॉटल अर्ध्यावर आणतो, बोट १० नॉटवर येते, आणि आपण सौजन्य दाखवलं असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याने सगळ्यांत वाईट वेग निवडलेला असतो. वेग कमी करायचा तर नाळ पूर्ण खाली बसेपर्यंत, म्हणजे ४-५ नॉटपर्यंत करायला हवा. पडताळा सोपा आहे: मान वळवून मागे बघायचं. पिछाडीमागचं पाणी जवळजवळ सपाट असेल तर वेग बरोबर आहे. लाट उठून फुटत असेल तर काट्यावरचा आकडा काहीही असो, वेग जास्त आहे. बंदरात शिरल्यावर मागे एकदाही न बघणारे चालक फार आहेत.

वेग कुठे कमी करायचा, यातही चूक होते. वेगमर्यादेची हद्द दाखवणाऱ्या बोयाशी, म्हणजे तरंगत्या खुणेशी, पोचून एकदम थ्रॉटल ओढला तर बोट थांबते, पण तिच्या मागून येणारी लाट थांबत नाही. ती पिछाडीवर आदळते. पिछाडीचा काठ बुटका असेल तर सरळ आत शिरते. आणि बोट थांबली तरी आधी उठलेल्या लाटा पुढे बंदरात जाऊन बांधलेल्या होड्यांना हलवतातच. म्हणून दोन-तीनशे मीटर आधीपासून टप्प्याटप्प्याने वेग उतरवावा लागतो.

उथळ पाण्यात गणित आणखी बिघडतं. मीटरमधल्या खोलीला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८१ या आकड्याने गुणून वर्गमूळ काढलं की त्या खोलीतल्या लाटेच्या वेगाची कमाल मर्यादा मीटर प्रति सेकंदात कळते, तिची दुप्पट केली की साधारण नॉट मिळतात: ४ मीटर पाण्यात सुमारे १२ नॉट, अडीच मीटरमध्ये साडेनऊच्या आसपास. बोटीचा वेग या आकड्याजवळ गेला की लाटांना पुढे निसटता येत नाही, त्या साचून उंच होतात. म्हणजे भरतीला ज्या जागेवरून ९ नॉटने गेल्यावर लाटा कशाबशा निभावल्या, तिथेच ओहोटीला तोच वेग धक्का हादरवतो. फलकावरचा आकडा मात्र दोन्ही वेळा एकच असतो. त्यात प्रवाहाची भर पडते. समोरून २ नॉटचा प्रवाह असेल आणि जीपीएसवर ६ दिसत असतील, तर बोट पाण्यातून ८ ने चालली आहे आणि लाटाही ८ च्याच उठणार.

लाटेची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० सेंटिमीटरची लाट ४० ची झाली की ऊर्जा चौपट. दगडी किंवा काँक्रीटच्या उभ्या भिंतीवर ती विरत नाही, परत फिरते. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींवर चढतात तिथे पाणी आणखी उसळतं. एरवी शांत असलेल्या गोदीत एका बोटीनंतर पाच-पाच मिनिटं खळबळ राहते ती यामुळे. त्या वेळात डोलकाठीवर दुरुस्तीला चढलेला माणूस वर मीटरभर झोके खात असतो, वीतभर काठाच्या वल्ह्याच्या होडीत पाणी येत असतं, शेजारी बांधलेल्या दोन शिडाच्या होड्यांच्या डोलकाठ्या एकमेकींवर आपटत असतात, आणि चुलीवर उकळतं भांडं असलेल्या बोटीत काय होतं ते सांगायला नको.

म्हणून माझ्या मते बंदराचा नियम दोन भागांत लिहिला पाहिजे. वेगाची मर्यादा असावी, आणि तिच्याबरोबर हेही स्पष्ट असावं की आपल्या बोटीने उठवलेल्या लाटांमुळे जे होईल त्याची जबाबदारी चालकाची, काट्यावरचा आकडा मर्यादेत असला तरीही. वेगमर्यादा पाळून नुकसान करता येतं हे ज्याला मान्य नाही, त्याने ओहोटीच्या वेळी धक्क्यावर तासभर उभं राहावं.

लाटांपेक्षा दुर्मीळ पण जीवघेणा प्रकार म्हणजे मोठ्या जहाजासमोरून आडवं जाणं. समुद्रावरच्या टक्करी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू आहेत. त्यांतला नववा नियम सांगतो की २० मीटरपेक्षा लहान बोटीने आणि शिडाच्या होडीने, अरुंद मार्गाबाहेर सुरक्षित चालूच न शकणाऱ्या जहाजाची वाट अडवू नये. कारण साधं आहे. जहाज जिथून चालवतात त्या उंच कक्षातून नाळेपुढचं पाणी दिसत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हा आंधळा पट्टा जहाजाच्या दोन लांब्यांपेक्षा किंवा ५०० मीटरपेक्षा, यांतल्या कमी अंतरापेक्षा, जास्त असू नये. म्हणजे तो ५०० मीटरपर्यंत असू शकतो. १२ नॉटने येणारं जहाज हे ५०० मीटर ८० सेकंदांत कापतं. तेवढ्या जागेत मोटरबोटीचं इंजिन बंद पडलं, तर पायलटला, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या जाणकाराला, ती दिसतही नसेल. दिसली तरी उपयोग मर्यादित: पूर्ण वेगातल्या जहाजाने इंजिन पूर्ण उलटं फिरवून १५ लांब्यांच्या आत थांबावं, अशी नव्या जहाजांसाठीची अपेक्षा आहे. २०० मीटरच्या जहाजासाठी हे ३ किलोमीटर झाले.

‘मी वेळेत पार झालो असतो’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण सगळा हिशेब इंजिन चालू राहण्यावर बेतलेला असतो. जहाजाच्या पिछाडीमागून, मार्गाला काटकोनात ओलांडायचं. फार तर दोन-तीन मिनिटं जातात. आणि जहाजाने पाच छोटे भोंगे दिले तर त्याचा अर्थ ‘तुझा इरादा मला कळत नाही, किंवा तू पुरेसं करत नाहीस’ असा आहे. हात हलवून अभिवादन करणारे चालक दिसतात, तेव्हा कळतं की परवाना आणि ज्ञान यांत केवढं अंतर आहे.

दोन मोटरबोटी समोरासमोर २५-२५ नॉटने येत असतील तर त्यांच्यातले ५०० मीटर वीस सेकंदांत संपतात. त्यातली पाच समोरची बोट ओळखण्यात, पाच तिचा रोख समजण्यात गेली, तर वळायला दहा उरतात. समोरच्या बोटीची दिशा आपल्या होकायंत्रावर बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल, तर टक्कर होणार असं धरायचं. वळायचं ते लवकर, आणि समोरच्याला स्पष्ट दिसेल इतकं. दोन-दोन अंशांनी कुरतडत वळणारा चालक दुसऱ्याला फक्त गोंधळात टाकतो. समोरासमोर असताना दोघांनीही उजवीकडे वळायचं, हा नियम वाळवंटातल्या माणसालाही पाठ असेल. बंदरात तो मोडतो तो बहुधा एकाने आधीच ‘सोयीसाठी’ मार्गाची डावी कड धरलेली असते म्हणून.

किल कॉर्ड, म्हणजे चालकाच्या पायाला अडकवायची इंजिन बंद करणारी लाल दोरी, हाही याच विषयाचा भाग आहे. मे २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या पॅडस्टोजवळ एका वेगवान रबरी बोटीतून एकाच कुटुंबातले सहा जण पाण्यात फेकले गेले. दोरी चालकाला अडकवलेली नव्हती. रिकामी बोट गोल फिरत त्यांच्यावरच परत आली आणि दोघांचा जीव गेला. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल आणि गिअर २:१ असेल, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा, तर तीन पात्यांचा पंखा सेकंदाला ७५ वेळा पाणी कापतो. दोरी न लावता निघालेली आणि सुखरूप परतलेली प्रत्येक फेरी हीसुद्धा टळलेल्या अपघाताची पूर्वपीठिकाच आहे, पण तिची नोंद कुठेच होत नाही.

आता मूळ मुद्दा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००८ साली काढलेल्या मार्गदर्शनात टळलेल्या अपघाताची व्याख्या आहे: ज्या घटनाक्रमातून किंवा परिस्थितीतून नुकसान होऊ शकलं असतं आणि ते केवळ साखळी सुदैवाने तुटल्यामुळे टळलं, असा प्रसंग. ‘सुदैवाने’ हा शब्द नीट वाचावा. चालकाने वेळेत वळून टक्कर टाळली तर ते कौशल्य. समोरच्याने योगायोगाने वेग कमी केला म्हणून टळली, तर त्याच जागी उद्या टळेलच असं काही नाही. मोठ्या जहाजांवर असे प्रसंग कळवणं सुरक्षा व्यवस्थापनाच्या नियमांनी बंधनकारक आहे. खासगी मोटरबोटींना ते नियम लागू नाहीत. एकाच बंदरात जहाजाच्या बाजूने लेखी नोंद होते आणि त्याच्यासमोरून गेलेल्या लहान बोटीकडून काहीच येत नाही. मग अभ्यासाला एकाच बाजूचं म्हणणं उरतं.

नोंद न पोचल्याची किंमत विमान वाहतुकीने मोजली आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे उतरणारं टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं, त्यातले सगळे ९२ जण गेले. सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान, उतरणीची परवानगी मिळाली म्हणजे लगेच खाली यायला हरकत नाही अशा तशाच गैरसमजातून, त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्याच्या वैमानिकांनी ते कळवलंही, पण आपल्या कंपनीतच. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचण्याची व्यवस्थाच नव्हती. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत गोपनीय नोंदींची पद्धत सुरू झाली. ती चालवण्याचं काम नियामक संस्थेकडे न ठेवता नासाकडे दिलं गेलं, आणि हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांच्या आत कळवणाऱ्याला काही अटींवर दंडातून सूट मिळते. समुद्रासाठीही असे प्रयत्न आहेत: जहाजांवरच्या अधिकाऱ्यांची संस्था असलेल्या नॉटिकल इन्स्टिट्यूटची ‘मार्स’ योजना १९९२ पासून, ब्रिटनमधल्या ‘चर्प’ या गोपनीय नोंदींच्या योजनेची सागरी शाखा २००३ पासून. पण धक्क्यावरच्या रोजच्या लहान बोटवाल्यासाठी त्या दूरच्या आहेत.

मला या उदाहरणात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे की नोंद घेणारा आणि शिक्षा करणारा वेगवेगळे ठेवले गेले. बंदरातही दोन दारं हवीत. मुद्दाम पोहणाऱ्यांच्या मधून बोट नेणारा, दारू पिऊन चालवणारा, ताकीद मिळूनही तेच करणारा: यांच्यासाठी तक्रारीचं दार, तिथे पुरावा आणि कारवाई. चूक, गैरसमज, दिसलं नाही, कळलं नाही: यांच्यासाठी शिकण्याचं दार, तिथे नाव गुप्त. ही दोन दारं एकत्र केली की दुसरं आपोआप बंद होतं. आपणच लिहिलेला कागद आपल्यावर उलटणार असेल तर कोणीही शहाणा माणूस तो लिहिणार नाही.

याला तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, ही चुगली आहे. नाव न घेता ‘अमुक बोयापाशी, ओहोटीच्या वेळी, आतून येणाऱ्या बोटी धक्क्याआडून अचानक समोर येतात’ असं लिहिणं चुगली कशी? दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: जुनी भांडणं काढायला लोक खोट्या नोंदी करतील. काही करतील. पण एकट्या नोंदीवर काहीच ठरवायचं नसतं. एकाच जागेबद्दल, एकाच प्रकाराच्या पाच नोंदी पाच वेगळ्या माणसांकडून आल्या तर ती जागा बोलते आहे, माणूस नव्हे. तिसरा आक्षेप सहसा उघड बोलला जात नाही: नोंदी वाढल्या की आपलं बंदर धोकादायक दिसेल. सुरुवातीला आकडा वाढणारच, आणि वाढला पाहिजे. नोंदी कमी करण्याचं उद्दिष्ट अधिकाऱ्याला दिलं की धोका तसाच राहतो, फक्त लिहिणं थांबतं. औद्योगिक अपघातांचा अभ्यास करणाऱ्या हाइनरिशने १९३१ साली मांडलेलं एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ आणि ३०० बिनइजेच्या प्रसंगांचं गुणोत्तर अशा वेळी पुढे केलं जातं. ते कारखान्यांबद्दलचं होतं आणि त्यावर पुष्कळ वाद आहे. बंदराला ते आकडे चिकटवू नयेत. बोयापाशी आज निसटलं ते उद्या निसटेलच असं नाही, एवढं समजायला गुणोत्तर लागत नाही.

नोंद उपयोगी व्हायची तर ती विशेषणांनी भरलेली नसावी. ‘भरधाव’, ‘बेदरकार’, ‘थोडक्यात वाचलो’ यातून काही मोजता येत नाही. वेळ आणि जागा, जागा म्हणजे बोयाचा क्रमांक किंवा धक्क्याचं टोक आणि तिथून अंदाजे अंतर. दोन्ही बोटींचा रोख. भरती की ओहोटी, वारा, दृश्यमानता, सूर्य कुणाच्या डोळ्यांवर होता. कोणी काय केलं आणि काय केलं नाही. सर्वांत कमी अंतर किती, ते मीटरमध्ये कळत नसेल तर आपल्या बोटीच्या किती लांब्या. मोबाइलमध्ये मार्गाची नोंद चालू असेल तर ती त्याच दिवशी साठवून ठेवावी.

वेगाचा अंदाज घ्यायला यंत्र लागत नाही. दुसरी बोट एखाद्या स्थिर खांबासमोरून नाळेपासून पिछाडीपर्यंत किती सेकंदांत गेली ते मोजायचं. बोटीची लांबी मीटरमध्ये घेऊन सेकंदांनी भागायचं आणि दुप्पट करायचं. ८ मीटरची बोट दोन सेकंदांत गेली तर ती साधारण ८ नॉटने चालली होती. लाटेसाठी खांबावरची एखादी खूण पुरते: पाणी कुठवर चढलं, कुठवर उतरलं, त्यातला फरक म्हणजे लाटेची उंची. फोटोत बोटीच्या नाळेवरचा क्रमांक आणि एखादी स्थिर खूण दोन्ही आली पाहिजेत, नाहीतर अंतराचा पत्ता लागत नाही. हे सगळं प्रसंग संपल्यावर, आपली बोट सुरक्षित जागी आल्यावर. रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनलवर भांडण मुळीच नको, तो संकटासाठी आणि हाक देण्यासाठी आहे. धोका अजून चालू असेल, म्हणजे बोट बंद पडून जहाजाच्या वाटेत असेल किंवा विनादिव्याची होडी मार्गात असेल, तर मात्र लगेच बंदराच्या कामाच्या चॅनलवर कळवायचं आणि लिहिणं नंतर.

चूक आपली असेल तर? तेव्हाची नोंद सगळ्यांत मोलाची असते, कारण का चुकलं हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. बाहेरचा माणूस म्हणेल ‘बघत नव्हता’. आतला सांगू शकतो की नाळ वर उचललेली होती म्हणून समोरची कायाक तिच्याआड गेली, किंवा शेजारी बसलेल्या प्रवाशाने डावीकडची सगळी दृष्टी अडवली होती. पहिल्यातून फक्त राग मिळतो. दुसऱ्यातून आसनांची जागा बदलता येते.

राहता राहिला प्रश्न, हे दुसरं दार सांभाळायचं कुणी? लहान बंदरात वेगळी संस्था परवडत नाही, आणि बंदराच्या कार्यालयानेच ते सांभाळलं तर विश्वास बसत नाही. चार माणसांचा गट पुरेसा आहे: एक मासेमारीच्या बोटीचा तांडेल, एक प्रवासी बोटीचा चालक, एक हौशी मोटरबोटवाला आणि एक पायलट. नोंद त्यांच्याकडे यावी. त्यांनी नावं काढून टाकावीत, लिहिणाऱ्याला आठवड्याच्या आत पोच द्यावी, आणि महिन्यातून एकदा एका पानाचा गोषवारा कार्यालयाला आणि सगळ्या बोटींना द्यावा. कोणत्या जागी काय घडतं आहे आणि मागच्या महिन्याच्या नोंदींवरून काय बदललं, एवढंच त्यात असावं. काहीच बदललं नसेल तर तसं लिहावं आणि कारण द्यावं. तेच पान इंधनाच्या पंपापाशी लावावं, कारण तिथे प्रत्येक मोटरबोट थांबते आणि टाकी भरेपर्यंत चालकाला दुसरं काही करायचं नसतं.